विषय: शाळा मल्टिलिंग्वल म्हणून निवडली आणि आता भाषांचेच पैसे वेगळे मागताय, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापन आणि ॲडमिशन विभाग

काल दुपारी पावणेचारला तुमच्या ॲडमिशन ऑफिसमधल्या माणसाने माझं बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला. तीन आठवड्यांतला हा माझा सहावा कॉल होता. त्याआधी चार मेल केलेत, एकालाही माणसाने लिहिलेलं उत्तर नाही, तुमची क्वेरी आमच्यासाठी महत्त्वाची आहे एवढंच आपोआप येतं आणि विषय संपतो. म्हणून आता सगळं मराठीत लिहितेय. याची प्रिंट काढून रिसेप्शनला देणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.

नोव्हेंबरमध्ये ओपन डेला तुम्ही चार भाषांची शाळा म्हणून आम्हाला ॲडमिशन दिलीत. एप्रिलमध्ये, पैसे भरून झाल्यावर, त्याच भाषांचं वेगळं बिल पाठवलंत. माझी तक्रार ही आहे.

ओपन डेला जो फीचा कागद हातात दिला होता तो माझ्याकडे जपून ठेवलाय. वर्षाची फी ४,२०,०००, ॲडमिशन फी एकदाच ७५,०००, डिपॉझिट ५०,००० जे शाळा सोडताना परत. एकूण ५,४५,०००. रजिस्ट्रेशनचे ५,००० आधीच गेले होते ते मी धरतच नाही. बस वेगळी हेही माहीत होतं, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. आमच्या दोघांच्या पगारात हा आकडा कसा बसवायचा यावर घरी किती रात्री वही-पेन घेऊन बसलो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बसवला, कारण शाळा पटली होती. मग १७ एप्रिलला दुसरा कागद आला. लँग्वेज ट्रॅक ४८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. टेक्नॉलॉजी १८,०००. जेवण ४२,००० आणि ते कंपल्सरी, डबा चालणार नाही. म्हणजे १,१६,६४० रुपये वाढले आणि ५,४५,००० चे ६,६१,६४० झाले. पहिलीत जाणाऱ्या पोरीसाठी. यातलं एकही नाव पहिल्या कागदावर नव्हतं, कोपऱ्यात नाही, बारीक अक्षरात नाही, कुठेच नाही.

टेक्नॉलॉजी आणि जेवणाचं एक वेळ समजू शकते, भांडले असते पण भरले असते. भाषेचं नाही समजू शकत. आम्ही तुमची शाळा घेतली तीच भाषेसाठी, हे तुमच्या काउन्सेलरने त्यांच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहून घेतलंय, शाळा का निवडली या रकान्यात.

माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. त्यातली तीन वर्षं श्टुटगार्टमध्ये गेली, नवऱ्याची पोस्टिंग तिकडे होती. तिथे ती किटात जायची, म्हणजे तिकडची बालवाडी. दीड वर्षात ती घडाघडा जर्मन बोलायला लागली आणि तिला कुणी जर्मनचा पिरियड घेतला नव्हता. बाई दिवसभर तिच्याशी जर्मनच बोलायच्या, जेवताना, बूट घालताना, पडली की उचलताना. भाषा अशी येते. परत आल्यावर सांगलीला आजीकडे गेलो तेव्हा ताटावर बसून ती आजीला म्हणाली, "आजी, मला ल्योफल दे." आजीला काही कळेना, ती एकेक वस्तू उचलून दाखवत गेली, वाटी, तांब्या, झारा, आणि शेवटी चमचा उचलला तेव्हा दोघी हसायला लागल्या. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं की हिचं जर्मन जाऊ द्यायचं नाही आणि आजीशी बोलता, आजीला लिहिता येईल इतकं मराठी आलंच पाहिजे. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही. दर रविवारी फोन असतो.

म्हणून शाळा बघताना मी सगळीकडे तेच विचारलं. आठवड्याला किती पिरियड, शिकवणार कोण, ती बाई वर्गात पूर्ण वेळ असते की घंटा वाजली की येऊन जाते, मराठी फक्त बोलायला शिकवता की लिहायलाही. दुसऱ्या एका शाळेने सरळ सांगितलं की आम्ही इंग्रजी शाळा आहोत, बाकी भाषा विषय म्हणून असतात. तिथे सीट मिळाली होती, फीही कमी होती, आणि जानेवारीत आम्ही ती सोडली कारण तुम्ही म्हणालात की आमच्याकडे एक टीचर एक भाषा, मुलं चारही भाषांत वावरतात. वावरतात हा तुमच्याच काउन्सेलरचा शब्द. आता मे चालू आहे, ती सीट गेली, बाकी सगळीकडे भरलंय, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत आहे म्हणूनच दुसरा कागद एप्रिलमध्ये येतो असं आता माझं स्पष्ट मत झालंय.

मागून मागून टाइमटेबल मिळवलं. आठवड्याचे ३५ पिरियड. जर्मन २, मराठी १, प्रत्येकी ४० मिनिटं. बाकी ३२ इंग्रजीत. आणि लँग्वेज ट्रॅकचे पैसे भरले नाहीत तर त्या तीन पिरियडला मूल लायब्ररीत बसणार. साडेसहा वर्षांची मुलगी, वर्गातली बाकीची पोरं मराठी शिकतायत, आणि ही लायब्ररीत, कारण आईबापाने ५६,६४० भरले नाहीत. हे तुमच्यापैकी कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलं असणार ना, तेव्हा एकालाही वाईट वाटलं नाही?

आता कालचा कॉल. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला सांगतात, तर काढा आणि ऐका, मी एक अक्षर वाढवून लिहीत नाहीये. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, दाबलं. अकरा मिनिटं होल्डवर. मग जो माणूस आला तो हिंदीत बोलायला लागला. मी म्हणलं मी तीन दाबलंय, मराठीत बोलूया, तर म्हणाला, "हां मॅडम, बोलिए, समझता हूं." ठीक आहे. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, सहाव्यांदा. मध्येच तोडून तो म्हणाला, मॅडम लँग्वेज ट्रॅक ऑप्शनल आहे, नको असेल तर नका घेऊ. मी म्हणलं मग मराठी कुठे शिकणार? त्यावर तो म्हणाला, आणि आता मराठीत म्हणाला, म्हणजे मराठी चांगलं येत होतं, "मराठी तर तुम्ही घरी बोलताच ना मॅडम, ते लिहायला शिकून तिला फायदा काय आहे?"

फोन स्पीकरवर होता. माझी मुलगी समोर डायनिंग टेबलवर बसली होती. तुमच्या त्या दुसऱ्या फीच्या कागदाची मागची बाजू कोरी होती, त्यावर ती रंगीत खडूने 'आजी' लिहीत होती. तिचा 'ज' अजून उलटा येतो, पोट दुसऱ्या बाजूला काढते, मग स्वतःच बघते आणि वर परत गिरवते. तिने खडू थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्याला विचारलं, हे तुमचं मत आहे की शाळेचं? तर म्हणाला, "मॅडम, आमचे पेरेंट्स सहसा असे प्रश्न विचारत नाहीत. बजेटचा इश्यू असेल तर जवळपास मराठी मीडियमच्या शाळा पण आहेत." मी म्हणलं, मी स्वतः सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेय, तिथे बाईंनी कधी कुणाला पैशावरून वर्गाबाहेर बसवलं नाही. मला मॅनेजरशी बोलायचंय. तो म्हणाला मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. मी म्हणलं थांबते. आणि त्याने फोन ठेवला. लाइन कट झाली नव्हती, ठेवला, कारण ठेवताना तो शेजारच्याला "फिर वोही वाली" असं म्हणाला ते मी आणि माझ्या मुलीने दोघींनी ऐकलं.

नंतर तिने मला विचारलं, आई, मराठी लिहायचं नाही का आता? याचं उत्तर मी दिलंय. तुम्ही तुमचं द्या.

मी गेले तीन आठवडे थोडं वाचलंय. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी हा सक्तीचा विषय आहे आणि तो शिकवला नाही तर एक लाखापर्यंत दंड आहे. तुमचा माणूस ज्याला ऑप्शनल म्हणतो तो विषय ऑप्शनल नाहीच. कायद्याने जे शिकवायलाच पाहिजे त्याचे पैसे तुम्ही वार्षिक फीच्या वर वेगळे घेताय आणि नाही भरले तर मुलाला वर्गाबाहेर काढताय.

दुसरं, ही लँग्वेज ट्रॅकची पावती शाळेच्या नावाची नाही. कुठल्यातरी लर्निंग सोल्युशन्सच्या नावाची आहे जिचा पत्ता तुमच्याच कॅम्पसचा आहे. शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना बारावीपर्यंत जे शिकवलं त्यावर जीएसटी लागत नाही. १८ टक्के लागलाय याचा अर्थ कागदावर हे शाळा शिकवतच नाहीये, बाहेरची कंपनी शिकवतेय. मग चार भाषांची शाळा कोण आहे, तुम्ही की ती कंपनी? आणि मोठी पावती काढलीत ती कॉम्पोझिट फी म्हणून एका ओळीत, ट्युशन फी वेगळी दाखवलेली नाही. नवऱ्याला ऑफिसमध्ये इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी ट्युशन फीचाच आकडा लागतो. हेही दोनदा मागितलं, आलं नाही.

तिसरं, फी ठरवायचा राज्यात कायदा आहे, २०११ चा शुल्क विनियमनाचा, आणि तो इंटरनॅशनल बोर्डांनाही लागू आहे. वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ, त्यातून कार्यकारी समिती, त्या समितीने मान्य केलेली फी, आणि ती नोटीस बोर्डवर लावायची. तुमच्या नोटीस बोर्डवर मी ओपन डेला आणि परवा असं दोनदा बघितलं. समर कॅम्पचं पोस्टर आहे, फी नाही. आणि आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात, जाहीर केलेल्या फीशिवाय शाळा जे काही घेते त्याला कॅपिटेशन फी म्हणतात, आणि कलम १३ मध्ये ती घ्यायला मनाई आहे, दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. त्याच कलमात मुलांची स्क्रीनिंग करायलाही मनाई आहे. डिसेंबरमध्ये तुम्ही माझ्या मुलीला वीस मिनिटं एकटीला आत नेलंत आणि इंटरॅक्शन म्हणालात, तेव्हा मी गप्प बसले कारण ॲडमिशन हवी होती. आता गप्प बसणार नाही.

मला काय पाहिजे ते सांगते. लँग्वेज ट्रॅकचं बिल रद्द करा. ज्यांनी भरलेत त्यांचे परत करा, कारण आमच्या ग्रुपवरच्या सात जणांनी घाबरून भरलेत. मराठी आणि जर्मन दोन्ही माझ्या मुलीला वर्गात, सगळ्यांबरोबर, भरलेल्या फीत मिळालं पाहिजे. टेक्नॉलॉजी आणि जेवण समितीने कधी मान्य केलं ते लेखी दाखवा, नसेल तर तेही काढा. आणि जो माणूस काल बोलला त्याला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही, त्याला हे असं बोलायला कुणीतरी शिकवलंय, पण त्याच्या मॅनेजरने मला लेखी माफी द्यावी. फोनवर नको.

परत सांगते, भाषेसाठी शाळा घेतली आणि भाषेचेच पैसे वेगळे. हे मला कितीही वेळा समजावलं तरी पटणार नाही.

एका मैत्रिणीने ग्राहक कोर्टात जा म्हणून सांगितलं. पण शिक्षण ही सर्व्हिस नाही असं कोर्टांनी बऱ्याचदा म्हटलंय, त्यामुळे तिकडे वर्ष घालवणार नाही. मी शिक्षण उपसंचालकांकडे जाणार. विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला २५ टक्के पालक लागतात हेही माहीत आहे आणि ते तुम्हालाही माहीत आहे, तेवढे जमणार नाहीत या भरवशावर तुम्ही असाल. काल रात्रीपर्यंत पहिलीच्या एकोणीस पालकांनी नावं दिलीत. दुसरी-तिसरीच्या ग्रुपवर आज टाकतेय.

मला खरंच वाईट वाटतंय. ओपन डेला तुमच्या जर्मनच्या बाई माझ्या मुलीशी गुडघ्यावर बसून जर्मनमध्ये बोलल्या होत्या, दहा मिनिटं, आणि मुलगी घरी येईपर्यंत गाडीत गात होती. परत आल्यापासून पहिल्यांदा. त्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवून आम्ही पाच लाख पंचेचाळीस हजार भरले. त्या बाई अजून आहेत का हेही तुमच्या ऑफिसला सांगता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या. लेखी द्या, सगळ्या फीच्या तक्त्यासकट, आणि मराठीत द्या, कारण तो तक्ता नोटीस बोर्डवर मराठीतही लावायचा आहे असं कायदाच सांगतो.

पहिलीतल्या मुलीची आई
(ॲडमिशन नंबर आणि आधीचे चारही मेल तुमच्याकडे आहेत)