सायरन लावला म्हणजे पोलिस गाडी झाली का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या पोलिसांच्या मोटरसायकलींचे फोटो आले होते, फोटो झकास होते, पण खाली लिहिलं होतं की या गाड्यांना खास ताकदवान इंजिन असतं म्हणून चोर सुटत नाही. आमच्या गॅरेज लाईनमधली पोरं तेच घेऊन बसली, अमक्या गाडीला किती हॉर्सपॉवर आणि तमक्या गाडीला किती, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टू व्हीलरच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे गाडी समोर आली की माझी नजर इंजिनच्या आधी मॅग्नेट कॉइलवर, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या भागावर जाते, आणि पोलिस गाडीचा खरा फरक बराचसा तिथंच सापडतो.

इंजिन बहुतेक वेळा तेच असतं ओ. बीएमडब्ल्यूची आर १२०० आरटी घ्या, ही लांबच्या प्रवासाची टूरिंग गाडी होती, शोरूममध्ये कुणीही पैसे टाकून घ्यायची. तिचंच पोलिस मॉडेल म्हणजे आरटी-पी. दोन्हीत तेच ११७० सीसीचं बॉक्सर इंजिन, म्हणजे दोन सिलेंडर दोन बाजूंना आडवे, आणि तोच शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चेनच्या जागी दांडा. फरक कामात आहे. टूरिंगवाला सकाळी निघतो, हायवेला एका स्पीडने तासन्‌तास जातो, इंजिनला समोरून वारा मिळतो, कॉइल फुल चार्जिंग मारते, बॅटरीला कसलाच त्रास नाही. पोलिसाची गाडी चौकात उभी, इंजिन चालू, दिवे फिरतायत, वायरलेस चालू, मग मिरवणुकीपुढे माणसाच्या चालीने जायचं, मधेच एकदम पळवायची आणि परत कुठंतरी उभी करायची. म्हणजे जे काम टूरिंग गाडी कधीच करत नाही तेच पोलिस गाडीला दिवसभर.

म्हणून आरटी-पीला दुसरी बॅटरी यायची. वायरलेस, दिवे, सायरन सगळं त्या बॅटरीवर, मेन बॅटरी फक्त गाडीची. शिफ्टभर दिवे लावून उभा राहिलास तरी बटण दाबलं की इंजिन चालू झालंच पाहिजे, एवढा साधा विचार. इंजिनचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरला फॅन लावलेला, कारण उभ्या गाडीला वारा कुठला. मागची सीट काढून तिथं वायरलेसचा डबा, पुढंमागं जाड गार्ड, गाडी आडवी झाली तरी गार्डवर पडते आणि उचलून लगेच निघता येतं. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांत तर आणखी एक भारी गोष्ट आहे, व्ही ट्विन इंजिनचा, म्हणजे पुढंमागं दोन सिलेंडर असलेल्या इंजिनचा, मागचा सिलेंडर पुढच्याच्या आडोशाला असल्यामुळे जास्त तापतो, मग गाडी उभी असताना इंजिन फार गरम झालं की मागच्या सिलेंडरला पेट्रोल बंद होतं आणि गाडी एकाच सिलेंडरवर आयडल मारत, म्हणजे उभ्या उभ्या रेस न देता चालू राहते. ही सोय साध्या टूरिंग मॉडेललाही आहे, पण तिचा खरा उपयोग सिग्नलवर तास तास उभं राहणाऱ्याला.

आता आपल्याकडचं बघू. आपल्याकडे पोलिस गाडी म्हणजे काय तर शोरूममधून १००-१५० सीसीची गाडी आणायची, रंग, स्टिकर, मागे दांड्यावर दिवा, पुढं सायरन, झाली गाडी. गाडी वाईट नसते, मायलेज चांगलं, पार्ट गल्लीत मिळतात, आणि कन्ना चौकातल्या गर्दीत साडेतीनशे-पावणेचारशे किलोची हार्ले घालणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालीन. प्रश्न विजेचा आहे. १०० वॅटचा सायरन १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर ओढतो. १०० सीसीच्या गाडीची बॅटरी असते ३-४ एएचची, म्हणजे एक अँपिअर ओढला तर ३-४ तास. म्हणजे सायरनला कागदावर वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळे खाल्लेली बॅटरी असेल तर कागद फाडून टाका. कुणी म्हणेल इंजिन चालू आहे ना मग चार्जिंग होतंय की. होतंय, पण कॉइलचं आउटपुट इंजिनच्या फेऱ्यांवर असतं, रेस दिली की वाढतं, आयडलवर जेमतेम गाडीपुरतं. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही, तो हॅलोजन असेल तर ३५ वॅट आधीच खाऊन बसलाय. उरलं काय? त्या उरलेल्यात दिवा पण फिरवायचा, सायरन पण वाजवायचा आणि शिपाई मोबाईल पण लावणार चार्जिंगला. तुलनेला म्हणून सांगतो, आधीच्या आर १२०० आरटीचा अल्टरनेटर ७२० वॅटचा होता.

मागे एका खात्याची गाडी माझ्याकडे आली होती, कुठलं खातं ते लिहीत नाही. तक्रार काय तर बॅटरी सारखी बसते, दोनदा बदलून झाली. टाकी काढून बघतो तर सायरनची वायर सरळ हेडलाइटच्या वायरला पिळ देऊन टेप मारलेली, ना फ्यूज ना रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने चालू-बंद करणारा स्विच), वायर इतकी बारीक की वरचं प्लास्टिक वितळून शेजारच्या वायरीला चिकटलेलं. बॅटरीचा काय दोष? ज्याने बसवलं त्याला टेंडरमध्ये फक्त सायरन बसवणे एवढंच लिहून दिलं असणार, त्याने बसवला. मी जाड वायर ओढली, रिले टाकला, बॅटरीजवळ फ्यूज दिला, जुना हॅलोजनचा फिरता दिवा काढून एलईडीचा लावला आणि सायरनचं सांगितलं की गाडी पळत असतानाच वाजवा, उभ्या गाडीवर नको.

दुसरी गोष्ट किलोमीटरची. आपण सर्व्हिसिंग किलोमीटरवर करतो. चौकात उभ्या गाडीचा मीटर हलत नाही पण इंजिन चालू असतं, ऑइल जळत असतं, काळं होत असतं. अमेरिकेत फोर्ड कंपनी जास्त आयडल होणाऱ्या गाड्यांसाठी हिशोब देते की एक तास आयडल म्हणजे ३३ मैल धरा, म्हणजे ५३ किलोमीटर. हिशोब चारचाकीचा आहे, आपल्या हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनला तसाच्या तसा लावा म्हणत नाही, पण मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत सात रस्त्याला उभी असलेली गाडी रोज दोन तास आयडल मारत असेल तर मीटरवर नसलेले शंभरेक किलोमीटर रोज चढतायत असं समजायला काय हरकत आहे? मग ऑइल बदलायची तारीख मीटर बघून ठरवली की इंजिन आवाज करायला लागतं आणि सगळे म्हणतात कंपनीचा माल हलका.

जुन्या बुलेटचं या बाबतीत मला कौतुक आहे. ७० मिलिमीटर बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी, फेऱ्या सारख्या ठेवणारं मोठं जड फ्लायव्हील, त्यामुळे एकदम खालच्या फेऱ्यांवर पण ओढायची, मिरवणुकीपुढं पहिल्या गिअरमध्ये क्लच न घासता सरकत राहायची. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या चालीने हल्लीची हाय रेव्हिंग, म्हणजे जास्त फेऱ्यांवरच ओढणारी गाडी चालवून बघा, क्लच अर्धा दाबून अर्धा सोडून प्लेटांचा वास येतो. परदेशात हळू चालवण्याचं वेगळं ट्रेनिंगच असतं, शंकू मांडून त्यातून जड गाडी वळवायची, आणि तिथं क्लचची फार परीक्षा होते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सरचा क्लच कोरडा एका प्लेटचा होता, २०१३ पासून नवीन इंजिनात ऑइलमधला मल्टीप्लेट आला, असं सारखं घासायच्या कामाला हा जास्त टिकतो. बुलेटचं ब्रेक आणि किक यावर मी काही बोलत नाही, ज्याने चालवली त्याला माहीत.

आणि मागं डबा लावताना सांभाळून ओ. ब्रिटनमध्ये होंडाच्या एसटी १३०० पॅन युरोपियन पोलिसांकडे होत्या, सामान भरून जास्त स्पीडला गाडी डावी-उजवीकडे डुलायला लागते अशा तक्रारी आल्या आणि काही पोलिस दलांनी त्या वापरातून काढल्या. एवढी मोठी गाडी मागच्या वजनाने डुलते तर आपल्या दीडशे सीसीच्या कॅरियरला लोखंडी पेटी, काठी, ढाल बांधल्यावर पुढचं चाक हलकं होणारच.

एक छोटी पण मस्त गोष्ट म्हणजे स्पीडोमीटर. युरोपच्या नियमात साध्या गाडीचा मीटर खऱ्या स्पीडपेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो, १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून कंपन्या मुद्दाम जरा चढता मीटर देतात. पोलिसाला मात्र मागे लागून समोरच्याचा स्पीड कोर्टात सांगायचा असतो, म्हणून हार्लेच्या पोलिस गाडीला कॅलिब्रेट केलेला, सर्टिफाइड मीटर येतो.

कावासाकीची केझेड १००० पोलिस गाडी १९८२ पासून २००५ पर्यंत बनत होती, अमेरिकेत नेब्रास्काच्या लिंकन गावात. तोपर्यंत शोरूममध्ये लिक्विड कूलिंग, फ्युएल इंजेक्शन सगळं येऊन जुनं झालेलं, ही मात्र शेवटपर्यंत एअर कूल्ड आणि कार्बोरेटरवाली. मला विचाराल तर हे शहाणपण आहे, मेकॅनिक तोच, पार्ट तेच, वायरिंगचा नकाशा तोच. आपल्याकडे दर खरेदीला नवीन कंपनी आणि नवीन मॉडेल, मग एका शेडमध्ये चार तऱ्हेचे आरआर युनिट (कॉइलची वीज बॅटरीला योग्य करून देणारा डबा) आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

तर ज्यांच्या हातात खरेदी आहे त्यांना माझं म्हणणं एवढंच की हार्ले आणा असं कुणी म्हणत नाही, आहे तीच गाडी घ्या, फक्त टेंडरमध्ये दोन ओळी वाढवा: आयडलवर कॉइल किती वॅट देते ते कंपनीने लिहून द्यायचं, आणि दिवा-सायरनचं वायरिंग वेगळ्या फ्यूज-रिलेवर, जमलं तर वेगळ्या बॅटरीवर. त्या ओळी कशा लिहायच्या कळत नसेल तर सोलापुरातला कुठलाही वायरिंगवाला अर्ध्या चहात लिहून देईल.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, अक्कलकोट रोड, सोलापूर