उजवीकडे वळताना आवाज वाढतो, म्हणजे बेअरिंग डावीकडचे

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : चाकाच्या आवाजाचे चुकीचे निदान, अनावश्यक काम आणि त्यापोटी घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची 2011 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी घेतल्यापासून ती आपल्या नागपुरातील अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जात आली. मी त्रिमूर्तीनगरला राहतो आणि नोकरीसाठी वर्धा रोडने बुटीबोरीला ये-जा करतो. हा हायवेचा प्रवास आहे, म्हणून चाकातला आवाज मी कधीच अंगावर काढत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुढून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. ताशी चाळीसच्या पुढे सुरू व्हायचा आणि वेगाबरोबर चढत जायचा. गाडी न्यूट्रल केली तरी तसाच राहायचा, म्हणजे इंजिनचा संबंध नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रिंग रोडच्या वळणावर स्टिअरिंग उजवीकडे घेतले की तो वाढायचा, डावीकडे घेतले की जवळजवळ बंद व्हायचा. हे सगळे मी सर्व्हिस अॅडव्हायझरना काउंटरवर नीट सांगितले. जॉब कार्डवर मात्र एवढेच लिहिले गेले : 'पुढच्या चाकात आवाज'. माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते.

आधी मला सांगण्यात आले की हा नागपूरच्या सिमेंट रस्त्यांचा आवाज आहे. सिमेंटवर टायर जास्त वाजतात हे खरेच आहे. पण तसा आवाज डांबरी रस्ता लागला की बदलतो. माझ्या गाडीचा दोन्हीकडे सारखाच होता. मग निदान झाले की टायर असमान झिजले आहेत. दोन नवे टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग मिळून 10,600 रुपयांचे बिल झाले. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून एक फेरी मारली असती, तर आवाज टायरबरोबर मागे जातो की पुढेच राहतो हे लगेच कळले असते. त्याला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. ते कोणी केले नाही.

आवाज कायम होता. मग पुढचे उजवे बेअरिंग बदलले, पार्ट आणि लेबर धरून 3,850 रुपये. उजवेच का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, 'सर, उजवीकडे वळताना येतो ना, मग उजवंच.' हे ऐकून मला धक्का बसला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर पडतो. तेव्हा आवाज वाढत असेल तर संशय आधी डाव्या बेअरिंगवर घ्यायला हवा. अधिकृत वर्कशॉपमध्ये हे माहीत नसावे? काढलेले बेअरिंग मागितले तर 'स्क्रॅपला गेलं' म्हणून सांगितले. आवाज तसाच.

शेवटी प्रतापनगरच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी मला शेजारी बसवून फेरी मारली, मग गाडी जॅकवर घेतली. एका हाताने चाक फिरवत दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला आणि मला म्हणाले, 'भाऊ, तुम्ही पण हात लावून पाहा नं, स्प्रिंगमध्ये समजते.' उजवीकडे स्प्रिंग शांत होती. डावीकडे बोटांना बारीक खरखर स्पष्ट लागत होती, वाळूवर काहीतरी घासावे तशी. जुने बेअरिंग त्यांनी प्रेसवर काढले, हातोडा मारला नाही. नवे बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर दिला, कारण आतल्या रिंगवर दाब पडला तर नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. एक्सल नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच, आवळला. जुने बेअरिंग माझ्या हातात दिले. आतल्या रिंगच्या, गोळ्या फिरतात त्या पट्ट्यावर खड्डे पडले होते. सगळे मिळून 2,300 रुपये. आवाज गेला.

असे बेअरिंग दुर्लक्षित राहिले तर चाकात प्ले (ढिलेपणा) येतो, आणि भरधाव वेगात चाक जाम होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मधल्या काळात त्याच गाडीत मागच्या सीटवर माझी आई बसत होती. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

माझ्या मागण्या अशा : उजव्या बेअरिंगचे 3,850 रुपये पूर्ण परत मिळावेत. टायर मी वापरतो आहे, म्हणून त्यांची पूर्ण किंमत मागत नाही. पण जुने टायर खरोखर बदलण्याजोगे होते याची नोंद, ट्रेडच्या (टायरवरच्या खाचांच्या) खोलीच्या मापासह, मला लेखी द्यावी. ती नसेल तर त्या बिलाचाही परतावा द्यावा. आणि यापुढे जॉब कार्डवर ग्राहकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे, आवाजाच्या तक्रारीत ग्राहकाला सोबत घेऊन टेस्ट ड्राइव्ह केल्याशिवाय पार्ट बदलू नये, अशी लेखी सूचना सेंटरला जावी.

तिन्ही बिले, जॉब कार्डची प्रत आणि खराब डाव्या बेअरिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. बेअरिंग माझ्याकडे जपून ठेवले आहे. आपल्या तंत्रज्ञांना पाहायचे असल्यास दाखवीन. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील सेवेतील त्रुटीच्या तरतुदीनुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक जुना ग्राहक
त्रिमूर्तीनगर, नागपूर