स्केल नसलेला नकाशा

ओसाका, रविवार

प्रिय संज्या,

तुझी मेल येऊन बरेच दिवस झाले. उत्तर पत्रानंच द्यायचं होतं म्हणून थांबलो. इकडे सगळं ठीक आहे, थंडी उतरायला लागली आहे. आता मुद्द्यावर येतो. माझ्याकडे एक जुना नकाशा आला आहे, आणि तू तो पाहिलास की मला शिव्या घालणार हे नक्की. अर्धं आयुष्य थिओडोलाइटमागे, म्हणजे जमीन मोजायच्या दुर्बिणीमागे, काढलेला माणूस तू!

क्योतोत कितानो तेनमांगू देवळापाशी दर महिन्याच्या २५ तारखेला जुना बाजार भरतो, तिथे मिळाला. वीतभर उंच, अडीच फूट लांब, पंख्यासारखा घडी केलेला. ओसाका ते क्योतो धावणाऱ्या केइहान या विजेच्या गाडीचा नकाशा, चित्रकार योशिदा हात्सुसाबुरो. स्केल नाही, उत्तर दाखवणारा बाण नाही. आकाशातून बघावं तसा सगळा मुलूख पसरलेला, मधून योदो नदी, आणि तिला धरून लाल जाड रेघेतली रेल्वे. रेघ जवळपास सरळ. हसू मला तिथेच आलं.

कारण प्रत्यक्षात ही गाडी वळणांसाठी बदनाम आहे. मी रोज तिनंच ऑफिसला जातो. चुशोजिमा स्टेशनापाशी ती अशी वळते की उभ्या माणसानं कडी सोडायची सोय नाही. वळणांचं कारण तुला आवडेल. सरकारी रेल्वेला समांतर खासगी रेल्वे काढायला परवाना मिळणं तेव्हा कठीण होतं. मग कंपन्या ट्रामच्या कायद्याखाली अर्ज करायच्या. ट्राम म्हणजे रस्त्यावरून धावणारी, पण रस्त्यावरून किती धावली पाहिजे? ओसाका-कोबे मार्गावरच्या हानशिन कंपनीनं १९०५ साली सुमारे ३० किलोमीटरपैकी जेमतेम ५ किलोमीटर रस्त्यावर टाकले, बाकी स्वतंत्र रूळ, आणि अधिकाऱ्यांनी ते चालवून घेतलं. आपल्याकडच्या नगररचना खात्यात अशी फाइल किती टेबलं फिरली असती याचा विचार कर. १९१० साली केइहान त्याच कायद्याखाली सुरू झाली आणि जुन्या क्योतो रस्त्यावरची गावं गाठत गेली. सुमारे ४६ किलोमीटरला १०० मिनिटं लागायची. योशिदानं ती वळणं पुसून टाकली, कारण सुट्टीत देवदर्शनाला निघालेल्या माणसाला वळण किती अंशांचं आहे याच्याशी काय देणंघेणं?

अशा कंपनीची खरी कमाई याच माणसावर. म्हणून नकाशात फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी आसपासच्या गावांपेक्षा मोठ्या. ओतोकोयामा टेकडीवरचं इवाशिमिझु हाचिमान देऊळ तर हाताला लागेल असं. खाली कात्सुरा, उजी आणि किझु या तीन नद्या एकत्र येऊन योदो होते, ते मात्र त्यानं जीव लावून काढलंय. हिराकातातही तेच. तिथे कंपनीनं स्वतःच बाग काढली आणि शेवंतीच्या फुलांचे कपडे घातलेल्या माणसाएवढ्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरवायला लागली. लोकांनी गाडीत बसावं म्हणून! जिथे तिकीट खपत नाही तिथे नुसती हिरवळ.

योशिदा १८८४ साली क्योतोत जन्मला. लहानपणी किमोनोच्या युझेन नक्षीचं काम शिकायला ठेवलेला. त्याचा निळा आणि हिरवा रंग बघितला की ते पटतं. पुढे पाश्चात्त्य चित्रकला शिकला, तर गुरू कानोकोगी ताकेशिरो यांनीच त्याला जाहिरातीच्या कामाकडे वळवलं. केइहानचा पहिला नकाशा त्यातूनच झाला. १९१४ साली शाळकरी वयातले युवराज हिरोहितो या गाडीनं हाचिमान देवळाला गेले, नकाशा पाहून सुंदर आहे आणि समजायला सोपा आहे म्हणाले. योशिदानं मग आयुष्यभर हेच केलं, हजाराहून जास्त नकाशे. स्वतः जागेवर जाऊन स्केचेस करायची आणि मग ती एका चित्रात जुळवायची. दोन्ही टोकं वर वाकवायची, म्हणजे क्षितिजावर फुजी मावतो. कधीकधी थेट कोरियासुद्धा. मला हे थोडं अतीच वाटतं, पण नजर तिथे जाते खरी.

सैन्याला मात्र ही गंमत मानवली नाही. किल्लेबंदीच्या प्रदेशातल्या नकाशांवर लष्कराची परवानगी छापावी लागे, आणि दुसरं महायुद्ध जवळ आलं तसं उंचावरून देश दाखवणंच संशयास्पद झालं. युद्धानंतर त्यानं अणुबॉम्बनंतरचं हिरोशिमाही काढलं. १९५५ साली तो गेला.

तुला एक काम सांगतो. नकाशाचे फोटो या पत्रासोबत पाठवतोय. त्यावर स्टेशनांमधली अंतरं मोज आणि खऱ्या अंतरांशी ताडून बघ. माझा अंदाज, देवळांजवळ कागद ताणलेला निघेल आणि शेतांजवळ आवळलेला. माझी एक बिअर पैज.

शाल्मलीच्या बारावीचं काय ठरलं ते कळव. सायन्स तिनं स्वतः घेतलं का तू घ्यायला लावलंस? वहिनींना नमस्कार. नोव्हेंबरात इथे मेपल लाल होतात तेव्हा या सगळे, माझ्याकडे दोन गाद्या जास्तीच्या आहेत.

तुझा,
अव्या