पुस्तिकेतलं एक वाक्य मी खोडलं आहे

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

मिशनच्या इतिहासाची जी पुस्तिका निघते आहे, तिच्यातला आपल्या घराबद्दलचा भाग तपासायला म्हणून माझ्याकडे आला. बाकी सगळं ठीक आहे. एक वाक्य मात्र मी खोडलं. धाकट्याचा मृत्यू हा त्या भूमीत पडलेला गव्हाचा दाणा होता आणि त्यातूनच तिथली आजची ख्रिस्ती मंडळी उगवली, असं ते वाक्य. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिते आहे.

आई, तुला हे लागेल. मिशन रविवारी तू उभी राहून साक्ष देतेस ती योहानाच्या बाराव्या अध्यायातल्या त्याच वचनावर. त्या वचनाने तुला तगवलं, ते मी तुझ्याकडून काढून घेत नाही. पण प्रभू ते स्वतःच्या मरणाविषयी बोलला, आपणहून दिलेल्या जिवाविषयी. आपला धाकटा चार वर्षांचा होता. त्याने काही अर्पण केलं नाही, त्याला ताप आला. मंडळी उभी राहिली ती त्याला पुरल्यावरही तुम्ही दोघं तिथेच राहिलात, तिथल्या लोकांची भाषा शिकलात, त्यांच्या आजारपणात रात्री जागलात म्हणून. मंडळी उभी करायला देवाला एका पोराचा जीव लागला, असं मी मानत नाही. आणि समजा तिथे एकाचाही बाप्तिस्मा झाला नसता, तर त्याचं जाणं फुकट गेलं असं म्हणायचं होतं का? त्याच्या मरणाचा हिशेब जुळलाच पाहिजे असं काही नाही.

मिशनच्या गोष्टी सांगताना हा हिशेब फार लवकर मांडला जातो. मिशनरी विल्यम कॅरीसाहेबांचंच बघा. १८०५ साली त्यांनी मराठी व्याकरण छापलं, त्यांचं आपल्या भाषेवर मोठं ऋण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण १७९४ मध्ये बंगालात मदनाबतीला त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला, आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी डोरोथीबाईंच्या मनाचा तोल गेला तो १८०७ मध्ये त्या वारेपर्यंत सावरला नाही, हे एका ओळीत उरकतात. मुळात डोरोथीबाईंना भारतात यायचंच नव्हतं. त्या बाईचं दुःख कुठल्याच यशाच्या यादीत बसत नाही, म्हणून ते वगळलं जातं. आपल्या घरातलं तसं वगळलं जाऊ नये.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. रात्रीच निघायला हवं होतं, हे तुम्ही मला एकदाच म्हणालात, पण तुमच्या मनातून ते कधी गेलेलं नाही. मी आजारी मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून सांगते. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारात चोवीस तासांत सगळं उलटू शकतं. सकाळी अंगणात खेळलेलं मूल रात्री झटके येऊन बेशुद्ध पडतं, आणि रक्ततपासणी, औषध, डॉक्टर हाताशी असतानाही काही मुलं आमच्या हातून जातात. त्या रात्री निघाला असतात तर तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाऊस होता, रस्ता नव्हता, ताप उतरतो आहे असं वाटत होतं. जे समोर होतं त्यावर तुम्ही ठरवलंत. त्यात गुन्हा नाही, बाबा.

तेव्हापासून तुम्ही मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. गीत सुरू झालं की पुस्तक उघडून उभे राहता, बोट ओळीवरून सरकतं, ओठ मिटलेले. बाबांचा विश्वास डळमळला, असं लोक हळूच म्हणत. मला तसं कधीच वाटलं नाही. स्तोत्र ८८ काढून वाचा. रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर नाही, आणि शेवटी नुसता अंधार. बहुतेक विलापस्तोत्रांसारखी शेवटी स्तुतीही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ब्रह्मदेशात मिशनरी जडसनची बायको अ‍ॅन १८२६ मध्ये गेली, सहा महिन्यांत दोन वर्षांची मारियाही गेली. तो रानात जाऊन एकटा राहिला, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठाशी बसे. देव आहे असं मी मानतो, पण तो मला सापडत नाही, असं त्याने लिहिलं. पुढे त्याच माणसाने ब्रह्मी बायबल पुरं केलं, हे खरं. पण ते सांगायची घाई मला नको वाटते. कबरीच्या काठाशी बसलेला जडसनही विश्वासणाराच होता.

आणि आई, तू सभेत कधी रडली नाहीस. घरी स्वयंपाकघरात नळ सोडून रडायचीस, ते मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. प्रभूने हे तुझ्याकडे मागितलेलं नाही. मेलेल्या लाजराला आपण आता उठवणार, हे ठाऊक असूनही तो त्याच्या कबरीकडे जाताना रडला, सगळ्यांसमोर.

खोडलेल्या वाक्याच्या जागी मी एवढंच लिहिलं आहे: 'त्यांचा धाकटा मुलगा चार वर्षांचा असताना मलेरियाने वारला. त्याला तिथेच पुरलं आहे. प्रार्थना संपायच्या आधीच तो मोठ्याने आमेन म्हणत असे. पुनरुत्थानाच्या दिवशी त्याला भेटू, अशी घरच्यांची आशा आहे.'

माझी ती आशा पक्की आहे. आमेनचं मला आठवतं तसं घातलं. तुम्हाला दुसरं काही घालावंसं वाटलं तर सांगा. बाबा, शेवटचं वाक्य तुमच्या नावावर छापलेलं तुम्हाला चालेल का? नसेल तर 'घरच्यांची' काढून 'त्याच्या आईची आणि बहिणीची' करते, आणि त्यावर आपल्या घरात कुणी काही बोलणार नाही. मसुदा मला महिनाअखेर परत द्यायचा आहे. दोघांनी बसून एकत्र वाचा आणि कळवा.

तुमची,
लेक