बंडूस, धर्मशाळेतून

नागपूर, रविवार रात्र

बंड्या लेका,

पोळ्यापासून तुला एक अक्षर नाही. रागावला असशील, तर रागाव. ऑपरेशनचे टाके बरे आहेत, झोप येते. कॅन्सरवर मशीनच्या किरणांचे शेक देतात, त्यातले 30 पैकी 21 झाले.

लिहायला बसलो ते बुधवारमुळे. सकाळी चूळ भरून आरशात पाहिलं, तर जिभेवर, टाळूला, गालाच्या आत पांढरं. दुधावर साय धरते तसं. पाय लटपटले. पांढरं म्हणजे काय, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मंगीच्या लग्नात मांडवामागं मोबाईलचा उजेड पाडून तूच पहिल्यांदा पाहिलं होतं. "हे डॉक्टरले दाखव" म्हणालास, अन् मी खर्रा थुंकून "तू काय माझा बाप हायेस का बे?" म्हटलं. सव्वा वर्ष बोललो नाही आपण. बरोबर तूच होतास. हे जपून ठेव, पुन्हा लिहून देणार नाही.

तर वाटलं, आलं परत. उषीला दाखवलं नाही, दोन दिवस तोंड मिटून बसलो. (तसंही बोलता कुठं येतं? गावातला सगळ्यात बडबड्या माणूस पाटीवर लिहून पाणी मागतो.) शुक्रवारी मशीनवरच्या पोरानं डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी बोळ्यानं पुसलं, साय निघाली, खाली लालबुंद. म्हणाले, बुरशी आहे. लोणच्यावर येते तसली, बंड्या! म्हणे ती बहुतेकांच्या तोंडात गुपचूप असतेच. शेकानं लाळ आटली की माजते. थेंब दिले लावायला. मी तिथंच रडलो. त्यांना वाटलं दुखतंय.

दुखतं तर आहेच. छाले वेगळे, ते शेकाचे. तोंड आलं म्हणतात लोक, माझं तर गेलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ अन् खायचा सोडा घालून दिवसभर गुळण्या, जेवायच्या आधी जीभ सुन्न करायचं औषध, लेकराचा मऊ ब्रश. परवा उषीनं तुरीच्या सोल्यांचं वरण गाळून दिलं. वासानंच जीव गेला, अन् पहिल्या घोटाला डोळ्यांतून धार. चव मातीची.

आणि हो, शेकाआधी चार किडके दात काढले. नंतर काढले तर जबड्याचं हाड नीट भरत नाही म्हणे. म्हातारपणी कोणाचे दात जास्त, ती पैज तू जिंकलास. पानठेल्यावर सांगत फिरू नको.

आता खरं सांगतो. वजन सहा किलो उतरलं. शेकाच्या वेळी चेहऱ्यावर आवळतात तो जाळीचा साचा ढिला पडायला लागला. फारच ढिला झाला तर नवा करा, अन् मधे दिवस तर पडू द्यायचे नाहीत. म्हणून डॉक्टर म्हणतात, बुधवारी नाकातून नळी घालू. पातळ करून सगळं तिच्यातूनच. शेक संपल्यावरही छाले भरेपर्यंत काही आठवडे राहील.

उषी तयार, पोरगा तयार. मला मात्र आपला मोहऱ्या दिसतो. आबांच्या हातात दाभण, तू जबडा धरलेला, मी मान. त्यानं कसं पाहिलं होतं आपल्याकडं! तू रात्रभर गोठ्यात त्याच्यापाशी बसलास अन् मी गावभर तुझी टर उडवली. आता मला वेसण घालतात. मरायची भीती वाटते तशी वाटते, पण नाकात नळी घेऊन आपल्या स्टँडवर एसटीतून उतरायचं, याची लाज त्याहून जास्त वाटते. हसू नको. हस, पण लोकांत नको.

काल पाटीवर "हो" लिहिलं अन् पुसलं. उषीनं पुसलेलं वाचलं.

तुझा संत्र्याचा मृग बहार टिकला का? धाकटीच्या नोकरीचं काय झालं? वहिनींचा गुडघा?

पोरगा सकाळच्या एसटीनं गावाला निघाला, त्याच्या हाती हे देतो. बुधवारच्या आत उषीच्या नंबरवर फोन कर. ती कानाला लावून देईल. तू बोल, मला मधे तोंड घालता येणार नाही.

तुझा,
गज्या