कॅप्टन आर्खेनहोल्त्स यांच्याविषयी आई-बाबांना पत्र

हॅम्बुर्ग

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, ज्याने राजाचे मीठ खाल्ले त्या फौजी माणसाने पुढे राजकारणावर लिहावे काय. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून आज सवडीने लिहिते आहे. कारण मी ज्यांच्यावर संशोधन करते, त्या अठराव्या शतकातल्या जर्मन लेखक योहान विल्हेल्म फॉन आर्खेनहोल्त्स यांच्या आयुष्याकडे पाहताना मलाही सतत हाच प्रश्न पडतो.

त्यांचा जन्म डॅन्झिगजवळच्या लांगफुर गावचा. मिसरूड फुटायच्या वयात ते प्रशिया या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाच्या सैन्यात गेले, युरोपातल्या ‘सात वर्षांच्या युद्धात’ लढले आणि १७६३ साली तह झाल्यावर कॅप्टन म्हणून बाहेर पडले. मग कित्येक वर्षे ते युरोपभर हिंडले. इंग्लंड त्यांना मनापासून भावले, इटली मुळीच नाही, आणि १७८५ साली या दोन्ही देशांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ते लपवले नाही. पुढच्याच वर्षी रोममध्ये जर्मन कवी गटे यांच्या हाती ते पुस्तक पडले. निखाऱ्यांवर ठेवलेले पुस्तक हळूहळू तपकिरी, मग काळे पडावे, तसे हे लिखाण प्रत्यक्ष जागेवर आक्रसून जाते, असे गटे यांनी लिहून ठेवले. इटलीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे.

पण ज्या युद्धात ते स्वतः होते, त्याचा त्यांनी लिहिलेला इतिहास मला फार मोलाचा वाटतो. राजावर त्यांची भक्ती होती, ती पानोपानी दिसते. तरीही कोलिन्यों नावाचा कर्नल प्रशियासाठी भरती कशी करी, हे त्यांनी झाकले नाही. हा गृहस्थ वेषांतर करून फिरे आणि विद्यार्थ्यांना, दुकानांतल्या कारकुनांना लेफ्टनंट किंवा कॅप्टन केल्याची सनद देई. ती पोरे हौसेने मॅग्डेबुर्गला पोहोचत, तेव्हा प्रशियाच्या त्या शहरात सनदेला कोणी विचारत नसे आणि त्यांना साधे शिपाई म्हणून उभे केले जाई. बाबा, तुम्ही स्वतः भरतीच्या रांगेत उभे राहिलेले आहात, तेव्हा त्या पोरांचे काय झाले असेल ते तुम्हाला माझ्याहून अधिक कळेल. राजाचे मीठ खाल्लेल्या माणसानेच हे लिहिले, आणि माझ्या मते त्यानेच लिहायला हवे होते.

फ्रेंच राज्यक्रांती जवळून पाहायला ते १७९१ साली पॅरिसला गेले आणि जॅकोबिन या जहाल क्रांतिकारक गटाचा जोर वाढू लागल्यावर १७९२ मध्ये परतले. त्याच वर्षी त्यांनी ‘मिनर्व्हा’ हे मासिक सुरू केले. त्यात ओल्सनर नावाचे जर्मन लेखक पॅरिसहून पत्रे लिहीत. पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला तरुण हेगेल बर्नमध्ये ती वाचत होता, हे त्याने १७९४ साली आपला मित्र शेलिंगला लिहिलेल्या पत्रावरून कळते. आजच्या हैतीत गुलामांनी फ्रेंच सत्ता उलथून टाकली, तेव्हा १८०४ च्या शरद ऋतूपासून वर्षभर या मासिकाने मूळ कागदपत्रे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या हकिकती मिळून शंभराहून अधिक पाने छापली. तिथला रक्तपात आर्खेनहोल्त्स यांना पटला नव्हता, तरी त्या उठावाचे नेते तूसँ लूव्हेर्तुर यांची थोरवी त्यांना हळूहळू उमगली.

‘मिनर्व्हा’चा एक खंड मी ग्रंथालयात हाताळला. तो तळहातात मावेल एवढा आहे, कागद चहाच्या रंगाचा झाला आहे आणि जुन्या जर्मन टायपातला ‘स’ हुबेहूब ‘फ’सारखा दिसतो, त्यामुळे पहिले पान वाचायला मला एक तास लागला.

२८ फेब्रुवारी १८१२ रोजी हॅम्बुर्गजवळच्या ओयनडॉर्फ येथे आर्खेनहोल्त्स वारले. तोवर हॅम्बुर्ग शहरच नेपोलियनच्या साम्राज्यात सामील झाले होते. ‘मिनर्व्हा’ मात्र पुढे १८५८ पर्यंत निघत राहिले.

आई, कोलिन्यों प्रकरणाचे मराठी भाषांतर मी मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. बाबांच्या डोळ्याची पट्टी निघेपर्यंत तू ते त्यांना वाचून दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला त्यांच्याच शब्दांत कळव.

तुमची,
ताई