काका, ती शेवटची ओळ मी भरली

ती. काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकते आहेच, पण सगळ्यांना वाचता येईल असंही ठेवते आहे. एकट्या तुम्हाला पाठवलं असतं तर "यात काय एवढं" म्हणत घडी घालून कपाटात ठेवून दिलं असतंत. शिवाय मिरज-सांगलीकडच्या कितीतरी मुली मला विचारतात, ताई, इंग्लंडला कशा गेलात, एजंट कोण होता? एजंट कुणी नव्हता. समोरच्या वाड्यात राहणारे, हायस्कूलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. त्या मुलींना हे कळायला हवं.

मिरजेत नर्स होणं ही काही मोठी बातमी नाही. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच. आमच्या गल्लीत घराआड एक सिस्टर निघेल. पण बाहेरदेशी जायचं म्हटलं की सगळ्यांना एकच वाट माहीत, ती म्हणजे एजंटची.

२०२२ च्या जूनमध्ये आम्हीही त्याच वाटेवर होतो. त्या माणसानं साडेचार लाख सांगितले होते. अर्धे आधी, अर्धे व्हिसा आल्यावर. ह्यांनी सोनेतारणाची चौकशी केली होती, माझ्या पाटल्या आणि मंगळसूत्र डब्यात काढून ठेवलेलं होतं. आदल्या संध्याकाळी मी तुमच्याकडं फॉर्मची झेरॉक्स साक्षांकित करायला कुठं जाऊ एवढंच विचारायला आले. तुम्ही चष्मा लावून सगळे कागद उलटून पाहिलेत आणि विचारलंत, "पावती देणार का तो?"

मी म्हटलं, विचारलं नाही.

"मग उद्या पैसे द्यायचे नाहीत. आधी नियम बघू. पैसे काय, परवाही देता येतील."

ते दोन दिवस तुम्ही नातवाला शेजारी बसवून मोबाइलवर इंग्लंड सरकारची पानं वाचलीत. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेसाठी परदेशातून नर्स घेण्याची एक आचारसंहिता आहे, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत असं तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती संहिता पाळणाऱ्या भरती संस्थांची यादीही उघड आहे. आमच्या माणसाचं नाव त्या यादीत नव्हतं. तुम्ही ते पान छापून आणलंत, त्या एका वाक्याखाली लाल रेघ मारलीत आणि ह्यांच्या हातात दिलंत. वर एक शब्दही बोलला नाहीत. पाटल्या परत हातात घालताना मला रडू आलं होतं, ते तुम्हाला दिसलं नसेल.

मग खरं काम सुरू झालं, आणि त्यात माझंच नाव आडवं आलं.

ज्यांना कधी असे अर्ज भरावे लागले नाहीत त्यांना वाटेल, नावात काय अवघड असतं? दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव आडनावापासून सुरू होतं. नर्सिंगच्या डिप्लोम्यावर आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव, पण एकावर बाबांच्या नावात दोन 'ई' तर दुसऱ्यावर एक 'आय'. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि पुढं आधार, पॅन, बँक, मतदार यादी सगळीकडं तेच गेलं. म्हणजे पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनावही वेगळं. कागदावर पाहणाऱ्याला त्या दोन बायका वाटणार. आणि तिकडच्या परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

तुम्ही फूलस्केप कागद आखलात. डाव्या रकान्यात कागदपत्र, मग त्यावरचं नाव इंग्रजीत जसं आहे तसं, मग तारीख, मग शेरा. चौदा ओळी भरल्या. तळाशी पंधरावी ओळ मोकळी ठेवलीत. मी विचारलं, ही कशाला? म्हणालात, "ही तिकडं गेल्यावर तू भरायची."

मला वाटत होतं की सगळीकडं लग्नानंतरचं नाव लावून घ्यावं, तीच रीत. तुम्ही म्हणालात, "आधार आणि पॅन बदलणं म्हणजे दोन खिडक्या. दहावीपासून कौन्सिलपर्यंत बदलायचं म्हणजे सगळा पाया उकरायचा. ज्या नावानं परीक्षा दिल्यास ते नाव धर." पासपोर्टसाठी बाईनं नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा नियमच नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. मग लग्नानंतरच्या नावावरून पुन्हा माहेरच्या नावावर यायचं गॅझेट करायचं, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, असं ठरलं.

हे घरात सांगणं मला जमलं नसतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमचं नाव नको झालं का?" त्यांचंही चूक नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही आणि काकू दोघं आलात. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ती नाव टाकत नाही. जिच्या नावावर शिक्षण आहे त्या बाईला ती पुढं पाठवतेय." सासूबाई गप्पच होत्या. मग काकू पहिल्यांदाच बोलल्या, "माझ्या माहेरच्या नावाचा एकही कागद माझ्याकडं उरला नाही, बघा." सासूबाईंनी उठून चहा टाकला. दुसऱ्या दिवशी गॅझेटच्या अर्जाचे पैसे त्यांनी स्वतः दिले. काकू, त्या एका वाक्याबद्दल मी तुमचे वेगळे आभार मानते.

इंग्रजीच्या परीक्षेचंही सांगायलाच हवं. मी ओईटी निवडली होती, ती दवाखान्यातल्या माणसांसाठीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत किमान ३५० गुण लागतात, लिहिण्यात ३०० चालतात. पहिल्या वेळी मला तिन्हींत पुरेसे पडले आणि लिहिण्यात २९०. दहा गुणांसाठी सगळे पैसे पाण्यात. मी आठ दिवस वाड्याबाहेर पडले नाही. मग तुम्हीच निरोप धाडलात, "काय लिहायला सांगतात ते घेऊन ये."

सांगतात ते पत्रच असतं. रुग्णाची माहिती समोर देतात आणि पुढच्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला १८० ते २०० शब्दांत पत्र लिहायचं असतं. तुमचं इंग्रजी बोलायचं नाही, पण शिक्षणाधिकाऱ्यांना इंग्रजी-मराठीत मसुदे करण्यात तुमचा जन्म गेलेला. माझं पत्र वाचलंत आणि म्हणालात, "पोरी, तू रुग्णाची सगळी गोष्ट सांगतेस. वाचणाऱ्याला काय करायचंय ते शेवटी येतं. ते वर घे. वाचणाऱ्याला कशाची गरज नाही ते काढून टाक, कितीही खरं असलं तरी." रोज एक पत्र, एकवीस दिवस. तुम्ही शिसपेन्सिलीनं समासात टिपा करायचात, 'हे कशाला', 'तारीख?', 'कोण करणार?'. दुसऱ्या वेळी ३३० आले. आज वॉर्डमधून रुग्ण घरी सोडताना मी जी पत्रं लिहिते, त्यांत पहिल्या ओळीत काय हवं ते असतं. इथल्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या, तुझी पत्रं नीट असतात. तुमचं नाव त्यांना उच्चारता आलं नाही, पण मी सांगितलं.

पुढचं भराभर झालं. तिकडच्या नर्सिंग नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा भारतातच दिली, तिचे ८३ पौंड. हॉस्पिटलची जाहिरात तुमच्या नातवानं दाखवली आणि मुलाखत व्हिडिओवर झाली. व्हिसाचा, विमानाचा आणि तिकडच्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेचा खर्च हॉस्पिटलनंच केला. साडेचार लाखांचं जे काम होतं त्यात माझे परीक्षांचे, नोंदणीचे आणि कागदांचे पैसे तेवढे गेले.

पण मुंबई मी विसरणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये क्षयाच्या तपासणीला आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं. ह्यांना रजा मिळेना. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधून महालक्ष्मी एक्सप्रेसनं माझ्यासोबत आलात. व्हिसा केंद्रात फक्त अर्जदाराला आत घेतात. तुम्ही समोरच्या फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर, निळी फाईल मांडीवर घेऊन तीन तास बसलात. आत एका कागदाची दुसरी प्रत मागितली. मी धावत बाहेर आले तर तुम्ही फाईल उघडून तोच कागद हातात धरून उभे. "हा मागतील असं वाटलंच होतं," म्हणालात. तुम्ही पाणीसुद्धा प्यायला उठला नव्हता, जागा सोडली तर मला सापडणार नाही म्हणून.

पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आला तो ९० दिवसांचा. घरात सगळे घाबरले, एवढ्या सगळ्यातून गेलो आणि तीनच महिने? तुम्ही सोबतचं पत्र शांतपणे वाचून सांगितलंत, हे नुसतं दारातून आत जायचं तिकीट आहे, तिथं राहण्याच्या परवान्याचं खरं कार्ड तिथल्या पोस्टातून दहा दिवसांत घ्यायचं. ब्रॅडफर्डला उतरले तेव्हा नोव्हेंबर होता आणि चारला अंधार. तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं आणि पोस्टाबाहेरच्या थंडीत उभं राहून पहिला फोन तुम्हाला केला. नावाचं स्पेलिंग तुम्ही एकेक अक्षर म्हणून घेतलंत.

जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. दहा टप्पे असतात, आणि नोकरी सुरू व्हायच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत पहिल्यांदा बसावं लागतं. ते माझं काम होतं, ते मी केलं.

त्यानंतर मार्च आला. ११ मार्च २०२४ पासून नियम बदलला आणि गावाकडं सगळ्या ग्रुपांवर एकच निरोप फिरला, इंग्लंडला आता कुटुंब नेता येत नाही. ह्यांचा आणि लेकीचा अर्ज अजून व्हायचा होता. लेक चार वर्षांची. त्या रात्री मी ड्यूटीवर होते, औषधं देताना हात थरथरत होते. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा तुमच्यासमोर माझं हॉस्पिटलनं दिलेलं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र उघडं होतं, त्यावर नोकरीचा कोड असतो. "बंदी ६१४५ आणि ६१४६ या कोडला आहे. ते काळजीवाहक आणि त्यांच्या वरचे. तुझा कोड २२३१, नर्स. तुला लागू नाही. आता झोप."

मी झोपले. इतकी गाढ झोप इथं आल्यापासून लागली नव्हती.

लेकीच्या अर्जात मात्र अडलंच असतं. तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तांदळावर लिहिलेलं होतं ते, आणि माझ्या पासपोर्टवर माहेरचं. आई आणि लेक कागदावर परक्या. तेव्हा दीड वर्षापूर्वीचं ते गॅझेट कामाला आलं, जुनं नाव आणि नवं नाव एका ओळीत शेजारी शेजारी छापलेलं. तुम्ही त्याच्या पाच प्रती तेव्हाच काढून ठेवल्या होत्या. जूनमध्ये लेक विमानतळावर माझ्या अंगावर उडी मारून आली. तिच्या पाठीवरच्या दप्तरात त्यातली एक प्रत होती, तुमच्या अक्षरात 'मूळ प्रत नाही' असं कोपऱ्यात लिहिलेली.

आता इथं कार्डही राहिलं नाही. २०२४ च्या शेवटी ती कार्डं संपली, सगळं संगणकावर गेलं. कुणाला पुरावा दाखवायचा तर एक कोड काढून द्यायचा. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "पण पानाचा छापा काढून ठेवत जा." दर सहा महिन्यांनी काढते, काका. निळ्याच फाईलमध्ये ठेवते. लेकीची वेगळी फाईल केली आहे, तिच्या पहिल्या पानावर नावाचं स्पेलिंग आहे.

दिवाळीला येते आहे. सासूबाईंनी तुमच्यासाठी चकल्यांचं पीठ आत्ताच दळून आणायचं ठरवलं आहे, असं फोनवर सांगत होत्या. काकूंसाठी मी लोकरीची शाल घेतली आहे. तुमच्यासाठी काय घ्यावं ते सुचत नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

सोबत त्या फूलस्केप कागदाचा फोटो जोडते. घड्यांवर तो आता फाटायला आला आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे. पंधरावी ओळ भरली आहे. कागदपत्र, ब्रिटनची नर्सिंग नोंदणी. तारीख, फेब्रुवारी २०२४. शेऱ्याचा रकाना तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे.

स्पेलिंग तेवढं एकदा तपासून घ्या.

तुमची,
समोरच्या वाड्यातली सिस्टर